रिकाम्या बाजाराची तसबीर

आमच्या मळ्यात कापूस कधीच पिकला नाही, पण त्या दोन-तीन वर्षांत तो आमच्या वरणातसुद्धा निघायचा. अमरावतीच्या कापूसबाजाराच्या मागच्या अंगाला आमचा मळा होता. दिवाळी सरली की बाजाराकडे जाणाऱ्या रस्त्यावर गाड्यांची रांग लागे आणि ती होळीपर्यंत तुटत नसे. तिकडून उडालेली रुई वाऱ्यावर येई, वांग्याच्या काट्यांना, शेवंतीच्या फुलांना आणि मायच्या केसांना अडकून बसे. सकाळी विहिरीच्या पाण्यावर तिचा पांढरा पापुद्रा धरलेला असायचा. माय घागर बुडवण्याआधी हातानं तो बाजूला सारायची आणि क्षणभर पाण्यात तिचं तोंड दिसायचं. सातासमुद्रापार कुठं तरी लढाई चालली आहे आणि म्हणून विलायतेला आपला कापूस हवा आहे, एवढं मोठी माणसं बोलत. मला त्या लढाईचा आवाज ऐकू येतो असं वाटे, कारण दिवसभर रेच्यांची करकर चालू असायची, सरकी निघून रुई मोकळी होत असायची, आणि तो आवाज कुठून येतो ते मला दिसत नसे.

घरात आम्ही चौघंच. बाबा मोटेवर असत. मोट वर येताना ते जे गाणं म्हणत, त्याला शब्द फार नव्हते, नुसती हाक होती, पण ती थांबली की बैलही थांबत. माय भाजी खुडून बाजारात बसे. अंबाडीची भाजी, ज्वारीची भाकर आणि पाट्यावर वाटलेला हिरव्या मिरचीचा ठेचा, हे आमचं दोन्ही वेळचं जेवण; त्यात बाबांना बेसन लागे, घट्ट आणि वरून कच्चं तेल ओतलेलं. चौथा माझा काका, बाबांचा धाकटा भाऊ. त्याची बायको पहिल्या बाळंतपणात गेली होती आणि त्यानं दुसरी केली नव्हती. तो कमी बोलायचा. चार लोकांसमोर उभं राहायची वेळ आली तर त्याच्या मानेवर घाम यायचा. माय म्हणायची, ‘‘महादाले बोलाचं असलं तं तो आधी दोन दिवस इचार करते, अन् मंग बोलतच नाई.’’

(माझी नातसून मला सांगते, आजी, पुस्तकातल्यासारखं शुद्ध लिहा. माझं मी लिहीन तसं. पण माय आणि काका माझ्या कानात जसे बोलतात तसेच मी लिहिणार. ते पुण्याच्या भाषेत बोलायला लागले तर मला ओळखू यायचे नाहीत.)

काकाकडे फोटोची पेटी कशी आली ते सांगते. आगगाडीचे रूळ यायला अजून अवकाश होता, पण मोजणीची माणसं आली होती. त्यांच्याबरोबर एक पारशी गृहस्थ नद्या-नाल्यांच्या तसबिरी काढत हिंडत होते. काका त्यांच्या तंबूवर भाजी पोचवायला जायचा, तो दोन महिने तिथंच राहिला. काच कशी धुवायची, औषधं कशी कालवायची, सगळं शिकला. पारशीबाबांना तापानं धरलं तेव्हा ते मुंबईला परत गेले आणि पेटी, तंबू, बाटल्या काकाच्या हवाली करून गेले. पुढच्या हिवाळ्यात येतो म्हणाले होते. ते आले नाहीत. काकानं तीन हिवाळे पेटी झाकून ठेवली आणि चौथ्या हिवाळ्यात उघडली.

त्या पेटीच्या मागच्या बाजूला दुधी काच होती. काळं फडकं डोक्यावरून घेऊन त्या काचेत पाहायचं. पहिल्यांदा काकानं मला त्यात पाहू दिलं तेव्हा मी दहा-अकरा वर्षांची असेन. आत अंधार होता, फडक्याला औषधांचा गोडसर वास येत होता, आणि समोर काचेवर आमचा मळा उलटा टांगलेला होता. आभाळ खाली, विहीर वर. माय घागर घेऊन आली ती डोक्यावर चालत आली, आणि घागरीतलं पाणी सांडलं ते वर उडालं. तिला काही ठाऊक नव्हतं. ती उलट्या जगात आपली सावकाश चालत होती आणि मला इतकं शांत वाटलं की काकानं दोनदा हाक मारली तरी मी बाहेर आले नाही. आता माझ्या डोळ्यांत मोतीबिंदू वाढतो आहे, वैद्य म्हणतात. दुपारी पडल्या पडल्या समोरचं सगळं धूसर होतं तेव्हा मी पुष्कळदा त्या फडक्याखाली असते.

काकाची नजर जवळचं पाहण्यात मंद होती. काचेवर चित्र नीट उठलं आहे की नाही हे त्याला कळत नसे, मला कळे. मग ते काम माझ्याकडे आलं. पुढं काचेवर चिकट औषध ओतायचं कामही माझ्याकडे आलं, कारण माझा हात थरथरत नसे. ते चिकट औषधही म्हणे कापसापासूनच करतात. काचेवर ते सगळीकडे सारखं पसरायचं, अंधारात रुप्याच्या पाण्यात बुडवायचं, ओली असतानाच काच पेटीत घालायची, तोंडावरचं झाकण काढायचं, आकडे मोजायचे, झाकण लावायचं, आणि वाळायच्या आत तंबूत धावत जाऊन हिराकशीचं पाणी सोडायचं. मग काचेतून हळूहळू माणूस वर यायचा. कागद करायला अंड्यातला पांढरा बलक लागे, आणि आमच्या घरात तर अंड्याला कोणी शिवत नसे. माय नाकाला पदर लावून म्हणायची, ‘‘हे पाप मळ्याच्या त्या टोकाले करा.’’ उरलेला पिवळा बलक शेजारच्या खालाकडे जाई. खाला त्याचा तुपातला हलवा करी, आणि काका तो खाऊन घरी आला की मायला वास येई, पण ती बोलत नसे.

बाटल्यांवर पारशीबाबांनी चिठ्ठ्या डकवल्या होत्या, काकानं त्यांच्यावर मराठीत नावं लिहिली होती. मी अक्षरं शिकले ती त्या चिठ्ठ्यांवरून. ‘विष’ हा मी वाचलेला पहिला शब्द. आणि त्या रुप्याच्या पाण्यानं माझी बोटं काळी झाली. आधी टोकं, मग पेरं, नखांच्या कडा. हे पाणी लागतं तेव्हा दिसत नाही. उन्हात गेलं की दोन घटकांत काळं पडतं आणि मग चिंच लावा, राख लावा, जात नाही. मला त्याची लाज वाटत नव्हती. मायला वाटायची, कारण माझं लग्न झालेलं होतं.

सहाव्या वर्षी तेल्हाऱ्याच्या एका माळ्याच्या घरात मला दिली होती. लग्नातलं मला एवढंच आठवतं की मुंडावळ्या टोचत होत्या आणि मी झोपले होते. नवऱ्याचं तोंड मी पाहिलं नव्हतं, त्यानं माझं पाहिलं नव्हतं. आता मी चौदाची होत आले होते आणि येत्या उन्हाळ्यात नांदायला जायचं ठरत होतं.

त्याच हिवाळ्यात दवंडी आली की अकोल्याला प्रदर्शन भरणार आहे. कापूस, बी-बियाणं, बैल, हातमागाचं कापड, आणि कोणाच्या हातात काही हुन्नर असेल तर तेही मांडता येईल, बक्षिसं मिळतील. आमच्याकडे लोक त्याला नुमाइश म्हणत. त्या दिवसांत कापसाच्या पैशानं नवं सोनं ल्यालेले व्यापारी काकाकडून तसबिरी काढून घ्यायचे. खुर्चीत ताठ बसलेले, डोळे वटारलेले. काकानं ठरवलं, त्यातल्या चार न्यायच्या आणि एक भरल्या बाजाराची काढायची. अमरावतीचा कापूसबाजार म्हणजे गंमत नव्हे, साहेब खूश होईल.

ती तसबीर मी काढली. एका गुदामाच्या धाब्यावर, मातीच्या सपाट छतावर, आम्ही पेटी उभी केली होती. खाली मुंगी शिरायला जागा नव्हती. शेकडो गाड्या, हमाल, दलाल, रुमालाखाली बोटं दाबून भाव करणारी माणसं, पाणी विकणारे, कुत्री. काकानं एका ओळखीच्या हमालाला सांगून ठेवलं होतं की शिंग फुंकलं की सगळ्यांना थांबायला सांग. पण ऐन वेळी तंबूतल्या औषधाच्या वासानं काकाचं डोकं गरगरलं आणि तो भिंतीला टेकून बसला. काच ओली होती, वाळत चालली होती. धुकं अजून फिटलं नव्हतं, उजेड अगदी मऊ होता. मी झाकण काढलं. शिंग कोणी फुंकलंच नाही. मोजायला लागले आणि मला काय वाटलं कोण जाणे, नेहमीच्या आकड्याला मी थांबले नाही. माणसं वाहत होती आणि मी मोजत होते. शंभराला झाकण लावलं.

तंबूत काचेवर चित्र वर आलं तेव्हा त्यात माणसं नव्हती. गाड्या होत्या, कापसाचे ढीग होते, जू उतरल्यावर बसलेले बैल होते, आणि एका ढिगावर झोपलेला एक म्हातारा. बाकी सगळा बाजार रिकामा. जी हलली ती उमटलीच नाहीत. जमिनीलगत फक्त एक विरळ धूर पसरल्यासारखा दिसत होता.

‘‘वाया गेली,’’ काका म्हणाला. ‘‘शंभर कायले मोजलं तू?’’

‘‘पाह्य ना काका, किती गुमसुम हाय.’’

काकानं काच हातभर लांब धरली. खूप वेळ पाहिली. ‘‘हे पाहून मानूस भेईन,’’ म्हणाला. पण पुसली नाही. काच पुसून पुन्हा वापरायची ही आमची रीत. त्यानं ती पुसली नाही, वार्निश केली, आणि अकोल्याला जाताना मी मागितली म्हणून कागदावर उतरवून बरोबर घेतली.

बैलगाडीनं तीन दिवस लागले. बाबा मळ्यावर राहिले. माय, काका आणि मी गेलो. मायला जायचं होतं कारण तेल्हाऱ्याची मंडळी आपला कापूस घेऊन तिथं येणार होती आणि नांदायला पाठवण्याचं बोलणं समोरासमोर होणार होतं. रात्री मूर्तिजापूरच्या अलीकडे मुक्काम केला तेव्हा मायनं माझी बोटं लिंबानं इतकी घासली की कातडं सोललं. काळं तसंच राहिलं. ‘‘पदराखाली ठेवजो हात,’’ ती म्हणाली. ‘‘दोन दिसाचा तं सवाल हाय.’’

नुमाइशीचा मांडव मोर्णा नदीच्या काठाला होता. कापडी छतातून येणारा उजेड सगळ्यांवर सारखा पडत होता, कोणाची सावली पडत नव्हती. धान्याच्या राशी, कापसाचे नमुने, नक्षीची कुलपं, घोंगड्या, आणि शेवटी एका बाजूच्या कनातीवर आमच्या पाच तसबिरी. व्यापाऱ्यांच्या तसबिरींपुढं गर्दी होती. लोक त्यांना रामराम घालत, हसत. रिकाम्या बाजारापुढं आले की गप्प होत. एक बाई म्हणाली, ‘‘पटकी आल्ती का वो गावात?’’ दुसरा म्हणाला, ‘‘असं चित्र घरात ठेवू नये.’’ काका खांबाआड जाऊन उभा राहिला होता. मी लोकांच्या मागून माझी तसबीर पाहत होते. माझी, हा शब्द मी मनात पहिल्यांदा तिथंच म्हटला.

मग एक पोरगा येऊन उभा राहिला. सोळा-सतराचा असेल, डोक्याला नवा फेटा, तो त्याला नीट बांधता आलेला नव्हता. तो पुढं निघून गेला नाही. इतरांसारखा लांबूनही पाहत राहिला नाही. हळूच वाकला आणि जमिनीलगतच्या त्या धुराला नाक लागेल इतका जवळ गेला.

‘‘मानसं हायेत ना,’’ तो आपल्याशीच म्हणाला. ‘‘हा काय धूर नोय. हे चालून राहिले ते लोक हायेत.’’

एवढे दिवस काकालाही मी हे समजावू शकले नव्हते.

इतक्यात मांडवात गडबड झाली. बक्षिसं ठरवणारा साहेब आणि त्याचा मुनशी आले. साहेब आमच्या कनातीपुढं थांबला, व्यापाऱ्यांवरून नजर फिरवली आणि रिकाम्या बाजारावर थांबला. मुनशीला काही म्हणाला. मुनशीनं मोठ्यानं विचारलं, ‘‘ये बाजार की तसबीर किसने बनाई?’’

काका खांबामागून पुढं आला. त्याच्या मानेवर घाम आलेला मला दिसला. त्यानं इकडं तिकडं पाहिलं, मला शोधून काढलं, आणि माझ्या पलीकडे कोणाकडे तरी पाहिलं. तिथं पांढऱ्या मिशांचे एक उंच गृहस्थ उभे होते. मी त्यांना ओळखत नव्हते. काका ओळखत होता.

‘‘मैंने, हुजूर,’’ काका म्हणाला.

मुनशीनं नाव लिहून घेतलं. दुसरं बक्षीस, एक शेला आणि शिक्क्याचा कागद.

‘‘खोटं,’’ मी म्हणाले. मोठ्यानं म्हणायचं नव्हतं. पण माझ्या आयुष्यात तोवर काका कधी खोटं बोलला नव्हता, आणि तो शब्द आपोआप तोंडातून गेला.

तो नव्या फेट्याचा पोरगा वळला. ‘‘काय खोटं?’’

‘‘त्यानं नाई काढलं ते.’’

‘‘तुले कसं माईत?’’

‘‘शंभर मोजले मी. तो तं भितीले टेकून बसल्ता.’’ आणि मग मी थांबलेच नाही. झाकण, धुकं, ओली काच, शिंग न वाजणं, सगळं सांगितलं. मी बाजारात भाजी विकणारी पोरगी, मला अनोळखी माणसाशी बोलायची भीती नव्हती. सांगताना हात पदराबाहेर आले. तो माझ्या बोटांकडे पाहत होता. तो काही विचारणार तोच ते पांढऱ्या मिशांचे गृहस्थ म्हणाले, ‘‘पोरा, इकडं ये,’’ आणि त्याच वेळी मायनं मागून माझा पदर ओढून थेट नाकापर्यंत आणला. ‘‘काय करून राहिली व तू?’’ ती माझ्या कानात म्हणाली. ‘‘मालक हाय तो तुहा.’’

पदराच्या आतून मला आता फक्त पायाखालची जमीन दिसत होती, आणि मामंजींचे जोडे. ते माझ्यापुढं येऊन थांबले. सासऱ्याविषयी मला वाईट लिहायचं नाही. ते रागीट नव्हते, सरळ होते.

‘‘सूनबाई, हात दाखव.’’

मी हात पुढं केले.

‘‘गावात म्हनून राहिले का पोरीले रोग हाय,’’ मामंजी मायला म्हणाले. ‘‘रोग नोय हे मले दिसते. पन त्या औषधात इख असते म्हन्तात. खरं हाय का, महादा?’’

‘‘हाय,’’ काका म्हणाला. तेव्हा मात्र तो खोटं बोलला नाही.

‘‘मंग ह्या हातानं भाकरी थापन तं त्या खाईन कोन? लहान लेकरं हायेत घरात. हे सोडाले सांगा. हात उजळले का निरोप द्या, आमी आनाले येतो.’’ आणि ते गेले. त्यांच्या मागून दुसरे जोडे गेले, जरा थांबून.

परतीच्या वाटेवर काका शेल्याची घडी मांडीवर ठेवून बसला होता. तिसऱ्या दिवशी तो म्हणाला, ‘‘तुह्या सासऱ्यासमोर कसं सांगू म्या, का पोरीनं केलं म्हनून?’’ मी गाडीच्या दुसऱ्या कडेला तोंड केलं. त्यानंतर किती तरी महिने मी काकाशी बोलले नाही. वाढायचं असलं तर भाकर ताटात टाकायची आणि वळायचं. तो मळ्यातून पेरू आणी, चिरून मीठ लावून उंबऱ्यावर ठेवी. मी ते खात नसे. संध्याकाळपर्यंत मुंग्या लागत आणि माय ते उचलून बैलांना घाली. आज वाटतं, एखादी फोड खायला हवी होती. तेव्हा मी चौदाची होते आणि मला फक्त एवढं कळत होतं की माझी एकच वस्तू होती आणि ती त्यानं चार लोकांसमोर आपल्या नावावर केली.

पेटी पुन्हा झाकली गेली. त्याच सुमाराला बातमी आली की ती लांबची लढाई संपत आली. भाव कोसळले. रेच्यांची करकर आधी संध्याकाळची बंद झाली, मग दुपारची. गाड्या येत, पण थोड्या. एक दलाल दारात येऊन काकाला म्हणाला, ‘‘तुह्या त्या फोटूनं बाजार उठवला, महादा.’’ काका खाली मान घालून वांग्याची आळी करत राहिला. विहिरीवर आता पापुद्रा धरत नव्हता, पाणी पहाटेपासून मोकळं असे. नखं वाढत होती, मुळाशी गुलाबी आणि टोकाला काळी, आणि दर आठवड्याला माय ती टोकं कापून किती उरलं ते पाही.

माघ महिन्यात एका सकाळी तो नव्या फेट्याचा पोरगा आमच्या मळ्यात आला. एकटा, चार दिवसांची वाट करून. म्हणाला, वांग्याचं बी पाहिजे. तेल्हाऱ्यात वांग्याचं बी मिळत नाही हे कोणालाच पटलं नाही, पण मायनं त्याला ओसरीवर बसवलं, बेसन-भाकर वाढली. मी दाराआड. त्यानं दोन भाकरी खाल्ल्या, हात धुतले आणि काकाला म्हणाला, ‘‘काकाजी, ते रुप्याचं पानी हाय का अजून?’’

‘‘हाय. कावून?’’

‘‘पाहाचं होतं.’’

काकानं तंबूतून चिनीमातीचं भांडं आणलं, वरचं फडकं काढलं. आत साधं पाणी असावं तसंच दिसत होतं. काका काही सांगायच्या आत त्यानं उजव्या हाताची पाची बोटं त्यात बुडवली.

काकानं त्याचं मनगट धरलं. ‘‘अरे बापा, काय केलं हे?’’

‘‘यानं मरत तं नाई ना?’’

‘‘यानं नाई मरत. इख दुसऱ्या बाटलीत हाय. पन काळी पडतीन आता.’’

‘‘पडू द्या.’’ तो उठला, अंगणात उन्हात जाऊन बसला आणि हात गुडघ्यावर उलटा ठेवला. मी दाराच्या फटीतून पाहत होते. ऊन कोवळं होतं, शेवंतीच्या वाफ्यावर माशा घोंगावत होत्या, बाबांची मोट चालू होती. त्याची बोटं आधी पिवळसर झाली, मग तपकिरी, मग टोकाकडून काळी होत गेली. पुष्कळ वेळ लागला. पुरी काळी झाली तेव्हा तो दाराकडे न पाहता, पण दाराला ऐकू जाईल असं म्हणाला, ‘‘एवढंच व्हय? दुखत बी नाई.’’ बियाण्याची पुडी घेतली आणि निघून गेला. (त्यांचं नाव मी अजूनही घेणार नाही. पण इथून पुढं त्यांना ‘तो’ म्हणणं मला जमणार नाही.)

पुढचं मला सासूबाईंनी सांगितलं. घरी गेल्यावर हे बापाशेजारी जेवायला बसले आणि काळ्या हातानं टोपल्यातली भाकर घेतली. मामंजी पाहत राहिले. ‘‘किती दिस राह्यते हे?’’ त्यांनी विचारलं. ‘‘नखं वाढत तवरी.’’ ‘‘लागलं कसं?’’ ‘‘लावून घेतलं.’’ मामंजींनी पाण्याचा तांब्या उचलला, घोट घेतला, खाली ठेवला. मग त्याच टोपल्यातली, त्याच चवडीतली भाकर घेऊन मोडली आणि खाल्ली. चैत्रात ते स्वतः मला आणायला आले. हात पाहायचा आहे असं म्हणाले नाहीत.

पहाटे मळ्यातून निघताना माय रडली, बाबांनी मोट थांबवली. काका गाडीबरोबर वेशीपर्यंत चालत आला. त्याला काही बोलायचं आहे हे दिसत होतं. मीही गाडीतून त्याच्याकडे पाहत होते, त्यानं बोलावं म्हणून. शेवटी म्हणाला, ‘‘वारा हाय. कांबळं घेजो अंगावर.’’ मी घेतलं. गाडी पुढं गेली.

तेल्हाऱ्यात दिवस लवकर गेले. मोठं घर, घरातली पाच लहान लेकरं, चूल विझत नसे. पुढच्या हिवाळ्यात आमच्या अमरावतीला तीन दिवसांची नुमाइश भरली आणि हे कापसाचा नमुना घेऊन गेले. कापसाला आता कोण विचारतो, मामंजी म्हणाले, पण जाऊ दिलं. बारा दिवसांनी परत आले तेव्हा मी चुलीपुढं होते. लेकरं निजली होती. आम्हाला बोलता यावं म्हणून सासूबाई उठून दुसरीकडे गेल्या.

‘‘काकाजी होते तिथी,’’ हे म्हणाले. ‘‘ते चित्र पुन्हा मांडलं होतं.’’

मी भाकर तव्यावर टाकली.

‘‘त्याहीनं मुनशीले सांगतलं का ह्या चित्राखालच्या चिठ्ठीवर माह्या पुतनीचं नाव लेहा. मुनशी म्हने, बक्षीस ज्या नावावर भेटलं तेच नाव राहीन. त्याहीनं दोनदा सांगतलं. मुनशीनं ऐकलं नाई.’’

‘‘मंग?’’

‘‘मंग ते चित्राजवळ जाऊन उभे राहिले. येईन त्याले सांगे. हे म्या नाई काढलं, माह्या पुतनीनं काढलं, तुळसानं, तेल्हाऱ्याले देली हाय. कोनी इचारलं नाई तरी सांगे. बाया-मानसं, शिपाई, चने-फुटाने इकनारा, समद्याइले. एक गडी दोनदा आला तं त्याले दोनदा सांगतलं.’’

माझ्यासमोर काका आला. मानेवर घाम घेऊन गर्दीपुढं उभा असलेला.

‘‘तिन्ही दिस?’’ मी विचारलं.

‘‘तिन्ही दिस. तिसऱ्या दिशी आवाज बसला त्याहिचा. मंग नुसते चित्राकडं बोट दाखवे, अन् मंग इकडं. तेल्हाऱ्याकडं.’’

तव्यावरची भाकर करपली होती. ती यांनी आपल्या ताटात वाढून घेतली.